पडद्यावरची गर्दी

कारखान्यात संगणक आला की ऑपरेटरचे काम हलके होते, असे आपण सहज म्हणतो. इतिहास मात्र थोडे वेगळे सांगतो.

पूर्वी नियंत्रण कक्षाची भिंत मीटर आणि दिव्यांनी भरलेली असे. नवा अलार्म बसवायचा तर तार ओढायची, भिंतीवर जागा शोधायची. त्यामुळे तो खरोखर हवा का, याचा विचार होई. अर्थात भिंतही निर्दोष नव्हती. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. दिवा मात्र विझलेला होता, कारण व्हॉल्व्हला गेलेला हुकूम तेवढा तो दाखवी. व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती नव्हे. शंभराहून अधिक अलार्म वाजले. त्यांची नोंद छापणारा प्रिंटरही तासाहून अधिक मागे पडला.

१९७५ नंतर भिंतीची जागा हळूहळू संगणकाच्या पडद्याने घेतली. अलार्म जोडणे जवळजवळ फुकट झाले आणि ते भरमसाट वाढले. शिवाय सारा कारखाना एका नजरेत दिसेनासा झाला. तो पानापानांत विभागला गेला.

याची किंमत २४ जुलै १९९४ रोजी वेल्समध्ये कळली. मिलफर्ड हेवन येथील टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात सकाळच्या विजांच्या वादळाने कामकाज विस्कळीत झाले. एक व्हॉल्व्ह बंद होता, पण पडद्यावर तो उघडा दिसत होता. टाकीत द्रव येत राहिला. बाहेर जायला वाट नव्हती. किती आत गेले आणि किती बाहेर पडले, हे एकत्र दाखवणारे पानच नव्हते. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. म्हणजे दर अडीच सेकंदांच्या आत एक! अलार्म वाचून तो स्वीकारल्याचे बटण दाबणे हेच काम होऊन बसले. विचाराला उसंत उरली नाही. २६ जणांना किरकोळ दुखापती झाल्या. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही.

अशा वेळी ऑपरेटर बेसावध होते, असे म्हणणे सोपे असते. पण हे दोघे तर क्षणभरही रिकामे नव्हते.

१९९९ मध्ये ब्रिटनमधील अभियांत्रिकी उपकरणे आणि साहित्य वापरणाऱ्यांच्या संघटनेने मार्गदर्शिका काढली: एरवी दहा मिनिटांत सरासरी एकच अलार्म असावा, मोठ्या बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतही दहापेक्षा जास्त नसावेत. यंत्राला किती सांगता येते, यापेक्षा माणसाला किती ऐकता येते, हे मोजायला अशी सुरुवात झाली.