चौकाबार आणि घरातला लिंबू-टिंबू

चौकाबार हा बेंगळुरू-म्हैसूर भागातला जुना घरगुती पटखेळ. मराठी घरांत तोच थोड्या फरकाने ‘चल्लस आठ’ म्हणून खेळतात. जमिनीवर खडूने पाच बाय पाच घरांचा चौकोन आखायचा. चारही बाजूंची मधली घरे आणि अगदी मधले घर अशा पाच घरांत फुल्या मारायच्या. चार कवड्या पुरतात. सोंगट्या म्हणून चिंचोके, गुंड्या, बांगड्यांचे तुकडे, जे सापडेल ते चालते. चारही कवड्या उताण्या पडल्या की चार, चारही पालथ्या पडल्या की आठ, आणि या दोन्ही दानांवर पुन्हा डाव मिळतो. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित; बाकी घरांत ती मारली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून निघते.

या खेळातले रडणे नियमातच बसवलेले आहे. समोरच्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही, असा बहुतेक घरांचा नियम. म्हणजे चार वर्षांच्या नातवाशी खेळणाऱ्या आजीला कधी ना कधी त्याची सोंगटी उचलावी लागतेच. बाकीचे तंटे त्याहून साधे. कवडी चटईच्या काठावर तिरकी अडली तर दान धरायचे की नाही? आणि सोंगटी उभी आहे ते घर ‘एक’ म्हणून मोजायचे की पुढचे? लहान मूल हमखास उभ्या घरापासून मोजायला लागते. चिंचोका तोंडात गेला तर डाव तिथेच मोडतो.

यावरची तोड दोन्ही भाषांत एकच निघाली. मराठी मुलांत सर्वांत धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ किंवा ‘लिंबू-टिंबू’ म्हणून खेळायला घेतात: तो खेळतो, पण बाद होत नाही. कन्नडमध्ये अशा भिडूला ‘आटक्कुंटु लेक्कक्किल्ल’ म्हणतात. खेळात आहे, हिशेबात नाही. ही सवलत कोणत्याही ग्रंथात नाही, पण तिच्यामुळे घरातले शेंडेफळ पटापाशी बसायला शिकले.

ग्रंथातली बाजू म्हैसूरच्या राजवाड्यात सापडते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर 1799मध्ये मुम्मडी कृष्णराज वडेयर गादीवर बसवले गेले, तेव्हा ते अवघे पाच वर्षांचे होते. 1831मध्ये इंग्रजांनी कारभार काढून घेतला आणि राजाजवळ वेळच वेळ उरला. त्यातून त्यांनी कला, ग्रंथ आणि पटखेळ यांचा मोठा पसारा उभा केला. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या नऊ भागांच्या संकलनातला शेवटचा भाग ‘कौतुकनिधी’ खेळांवरच आहे. त्यांनी नवे पट रचले आणि बुद्धिबळाच्या पटावर घोड्याला प्रत्येक घरात एकदाच नेण्याची कोडी मांडली. 1861मध्ये बांधलेल्या जगनमोहन राजवाड्याच्या भिंतींवर हे पट रंगवलेले आहेत. बुद्धीची करामत म्हणून ते थोरच. पण इतके गुंतागुंतीचे खेळ ओसरीवर उतरणे कठीणच होते. तिथे खडूचा चौकोनच टिकला.

मुलांना खरा सोयीचा होता तो सापशिडीचा पूर्वज. महाराष्ट्रात त्याला मोक्षपट म्हणतात आणि परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. हाती असलेले जुने पट मात्र बऱ्याच नंतरच्या काळातले आहेत. दक्षिणेत तो परमपद सोपान. वैकुंठ एकादशीच्या जागरणात तो खेळण्याची प्रथा आहे. इथे डोके चालवायला वावच नाही, त्यामुळे आजोबा आणि नातू बरोबरीला येतात. 1890च्या दशकात इंग्लंडमध्ये तो छापला गेला. पापपुण्याची नावे सौम्य झाली आणि सापांची व शिड्यांची संख्या जवळजवळ सारखी झाली. पचिशीवरून घेतलेल्या लुडोचे पेटंट 1896चे. पुढे भारतात दोन्ही खेळ एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना छापून घरोघर पोचले.

छापील पटाबरोबर छापील नियम आले, आणि त्यात लिंबू-टिंबूला जागा नव्हती. अमेरिकेत ही अडचण दुसऱ्या वाटेने सुटली. पोलिओतून बऱ्या होत असलेल्या एलिनॉर ॲबट यांनी आजारी मुलांसाठी ‘कँडी लँड’ रचला आणि 1949मध्ये तो बाजारात आला. त्यात मोजणी नाही, फासा नाही. पत्त्यावरच्या रंगाप्रमाणे पुढे जायचे. मोजता न येणाऱ्या मुलालाही सवलतीवाचून खेळता येईल असा तो खेळ. मात्र सोंगटी मारण्याचा थरार त्यात नाही आणि त्याची उणीव लवकर जाणवते.

गेल्या काही वर्षांत जुने पट पुन्हा दुकानांत आले आहेत. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानने पारंपरिक खेळांची प्रदर्शने भरवली. बेंगळुरूत ‘कवडे’ हा उपक्रम याच खेळांचे संच तयार करतो. सोबत नियमांचा कागद मिळतो खरा, पण चौकाबाराचे नियम घराघरांत वेगळे आहेत. त्यामुळे कोणत्या घरचा नियम चालायचा, हे कवड्या टाकण्याआधी ठरवून घेतलेले बरे.