मोडक्या विमानांची साक्ष



१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादेवरून येऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, ही हकीकत आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. ते विमान एका इंजिनाचे होते. इंजिन मोटारीप्रमाणेच दट्ट्या-सिलिंडरचे, १२० अश्वशक्तीचे. विमानाच्या जातीचे नाव ‘पस मॉथ’, आणि बांधणारी कंपनी इंग्लंडातील डी हॅविलंड. ह्या विमानाविषयी एक गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ते जुहूस उतरले त्या सुमारास त्याच जातीची विमाने जगात इतरत्र आकाशातच मोडून पडत होती, आणि ती का मोडतात ह्याचा छडा विलायतेतील तज्ज्ञ अजून लावीतच होते.

आम्ही वैमानिक नव्हे आणि अभियंतेही नव्हे. कामगार संघटनेचे काम करताना कारखान्यांतील अपघातांच्या चौकशा लढवाव्या लागल्या. त्या निमित्ताने वाचनालयात बसून जे वाचले, त्यातून हा विषय हाती आला. कारखान्यात बोट तुटो की आकाशात पंख तुटो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: चूक कोणाची? लहान विमानांचा इतिहास वाचल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, हा प्रश्न ओलांडून पुढचा प्रश्न विचारावयास माणूस हळूहळू शिकला, म्हणूनच उड्डाण आज इतके निर्धोक झाले. तो पुढचा प्रश्न असा: हे का घडले, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलावयास हवे?

लहान विमानच का निवडले, असे कोणी विचारील. लहान विमानात वैमानिक बहुधा एकटाच असतो. अपघातानंतर तो पुष्कळदा हयात नसतो. त्याची बाजू मांडणारा कोणी नसतो आणि वर्तमानपत्रांतही चार ओळींपलीकडे बातमी येत नाही. मेलेल्या माणसावर दोष ठेवणे सर्वांत सोपे. तो मोह जेथे आवरला गेला, तेथेच काही शिकता आले.

पस मॉथचेच पाहा. ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ह्या जातीचे एक विमान वादळी हवेत मोडले आणि वैमानिक ठार झाला. हवा खराब होती, तेव्हा दोष हवेचा किंवा त्या हवेत शिरणाऱ्याचा, असे कोणासही वाटावे. परंतु पुढे दुसऱ्या देशांतून तशाच बातम्या येऊ लागल्या, आणि प्राणघातक अपघातांची संख्या नऊवर गेली. निरनिराळ्या देशांतील निरनिराळे वैमानिक सारखीच चूक करून सारख्याच रीतीने मरतात, हे पटण्याजोगे नव्हते. मोडके अवशेष तपासले गेले, प्रयोगशाळेत पंखांच्या फडफडीचा अभ्यास झाला. ह्या विमानाचा पंख खालून तिरक्या टेकूंवर तोललेला असे. विशिष्ट परिस्थितीत पंखास फडफड सुटे आणि ती क्षणात इतकी वाढे की टेकू व पंख दोन्ही निकामी होत. उपाय शेवटी साधे निघाले. टेकूची जोडणी बळकट केली, त्यास आधारासाठी आणखी एक आखूड टेकू दिला, आणि विमान वळविणाऱ्या हलत्या पृष्ठभागांस तोल राखणारी वजने लावली. एक अपघात एकटा पाहिला तर तो नशिबाचा भाग वाटतो. नऊ अपघात शेजारी शेजारी मांडले तेव्हाच ते बोलू लागले.

दुसरी गोष्ट ह्यू डी हेवन ह्या अमेरिकन गृहस्थाची. १९१७ साली हा तरुण ब्रिटिश हवाई दलाच्या कॅनडातील शाखेत भरती होऊन टेक्ससमध्ये उड्डाण शिकत होता. दोन विमानांची हवेत टक्कर झाली. डी हेवन वाचला, परंतु पोटातील इंद्रियांस भयंकर इजा झाली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या मनात आले की, आपली जखम विमान पडल्यामुळे झालेली नाही. ती कमरेच्या पट्ट्याच्या टोकदार बकलाने केली आहे. विमान का पडले, हे सगळे विचारतात. आतला माणूस नेमका कशाने मेला, हे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न त्याने पंचवीस वर्षे सोडला नाही. १९४२ साली त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीर जेथे आपटले तो पदार्थ थोडा दबला, आघात अंगभर वाटला गेला, तर माणूस वाचू शकतो, असे त्याने दाखविले. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात अपघातांतील इजांचे संशोधन सुरू झाले आणि लहान विमानांचे अपघात हा त्याचा मोठा आधार ठरला. कमरेस पट्टा असतो, पण वरचे धड मोकळे असते. त्यामुळे डोके समोरच्या उपकरणांच्या फळीवर आदळते, आणि एरवी जगण्याजोगा अपघात प्राणघातक होतो. खांद्यावरून पट्टा घ्या, आसन पक्के करा, फळीची टोके काढा, असा त्याचा सांगावा होता. फ्रेड वाइक ह्या अभियंत्याने १९५० साली टेक्ससमध्ये शेतीवर औषध फवारणारे विमान बांधले, त्यात ह्या संशोधनाचा उपयोग केला.

आता तारखांकडे लक्ष द्या. डी हेवनचा अभ्यास १९४२ चा. अमेरिकेत नव्या लहान विमानांच्या पुढच्या आसनांस खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला तो १९७८ साली. मध्ये छत्तीस वर्षे गेली. धडा ठाऊक होणे आणि धडा अमलात येणे ह्यांत एवढे अंतर का पडावे? पट्ट्यास पैसे पडतात, वजन वाढते, आणि नव्या गिऱ्हाइकास अपघाताची आठवण करून देणे विक्रेत्यास नको असते. यंत्राच्या दात्यांवर झाकण बसवा म्हणून ज्यांनी मालकाकडे खेपा घातल्या आहेत, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

तिसरी गोष्ट ढगांची आहे. ढगात किंवा अंधारात क्षितिज दिसेनासे झाले की माणसाचा तोल त्याच्या कानाच्या आतील इंद्रियावर राहतो, आणि ते इंद्रिय फसविते. विमान हळूहळू एका कुशीवर कलत जाते. वैमानिकास मात्र ते सरळ जात आहे असेच वाटते. मग ते गिरकी घेत, वेग वाढवीत खाली येते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात ह्यावर प्रयोग झाला. उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवावयास दिले. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आले नाही. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. थोडे पद्धतशीर शिक्षण दिल्यावर त्यांतील जवळजवळ सर्वांना मागे फिरून सुखरूप बाहेर पडता येऊ लागले.

ह्यानंतर पाचच वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९५९ च्या मध्यरात्रीनंतर, अमेरिकेतील आयोवा राज्यात क्लिअर लेक गावाजवळ बीचक्राफ्ट बोनान्झा जातीचे लहान विमान उडाले आणि काही मैलांवर बर्फाळ शेतात कोसळले. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तीन लोकप्रिय गायक व २१ वर्षांचा वैमानिक, असे चौघेही मेले. चौकशी मंडळाने सांगितलेले पहिले कारण म्हणजे वैमानिकाचा निर्णय: केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता नसता तो तशा रात्री निघाला. परंतु मंडळ तेथे थांबले नाही. हवामानाची जी सूचना त्यास मिळाली तीत गंभीर उणिवा होत्या. बिघडत्या हवेचे इशारे त्याच्या कानी घातलेच गेले नव्हते. शिवाय विमानाचा कल दाखविणारे उपकरण त्याच्या सरावातील उपकरणाहून उलट रीतीने कल दाखवीत असे. चौकशी पहिल्या वाक्यावर संपली असती, तर हाती एका मृत तरुणाचे नाव तेवढे उरले असते. ती पुढे गेली म्हणून हवामान कचेरीस आणि उपकरण बनविणारासही शिकण्याजोगे काही मिळाले.

उपकरणांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक हकीकत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही मोठी बाँबर विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच चाके मिटून पोटावर बसत. कारण म्हणून लिहीत: वैमानिकाची चूक. १९४३ साली अल्फॉन्स चापानिस ह्या तरुण मानसशास्त्रज्ञाने आत जाऊन पाहिले. चाके मिटण्याची कळ आणि पंखांच्या मागील झडपा मिटण्याची कळ शेजारी शेजारी, हातास अगदी सारख्या लागणाऱ्या! त्याने एका कळीवर चाकाच्या आकाराची मूठ बसविली, दुसरीवर पाचरीच्या आकाराची. चुकणारी माणसे तीच होती, चूक मात्र थांबली. तरीही हा धडा सर्वत्र पोहोचला नाही. १९८० साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळास खास अहवाल काढून सांगावे लागले की, बोनान्झा व बॅरन ह्या लहान विमानांत ह्या दोन कळा इतर विमानांच्या उलट जागी आहेत, आणि चुकून चाके मिटण्याच्या अपघातांत ह्या विमानांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे.

हे वाचताना आम्हांस एक प्रेस-शॉप आठवले. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात आत सापडणार नाही, अशी ती योजना. तेथे नगांचा आकडा इतका चढविला होता की एक बटण पट्टीने कायमचे दाबून ठेवल्याखेरीज तो पुरा होत नसे. एका रात्रपाळीस एका पोराची तीन बोटे गेली. नोंदवहीत लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही खात्यात विचारपूस केली तेव्हा कळले की, पट्टी लावण्याची रीत सर्वांस ठाऊक होती आणि त्याआधी दोघांचे हात थोडक्यात वाचले होते. मग बोलला का नाहीत, असे विचारता एक वयस्क फिटर म्हणाला, “साहेब, सांगणाऱ्याचं नाव आधी लिहितात, मग त्याचं म्हणणं.”

विमानाच्या जगातही हेच दुखणे होते. १९७४ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळ एक मोठे प्रवासी विमान डोंगरावर आदळले. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच जागी त्याच गैरसमजामुळे थोडक्यात बचावले होते. पण ती गोष्ट त्या कंपनीबाहेर गेलीच नव्हती. मग सरकारी विमान खात्याने वैमानिकांकडून अशा चुकांची माहिती मागविण्याचे ठरविले. परंतु परवाना काढून घेणारा आणि कबुली ऐकणारा एकच असेल, तर कबुली देईल कोण? तेव्हा १९७६ पासून हे काम ‘नासा’ ह्या तिऱ्हाईत संस्थेकडे सोपविले. ती लिहिणाऱ्याचे नाव काढून टाकते आणि धडा सर्वांस वाटते. हेतुपुरस्सर नियम मोडला नसेल, तर कळविणाऱ्यास शिक्षेपासून सूट मिळते. लहान विमान चालविणारा हौशी माणूसही तेथे लिहू शकतो, आणि लिहितो.

येथे एक रास्त आक्षेप येतो: मग कोणीच दोषी नाही काय? आमचे उत्तर असे की, दोष असतो. दारू पिऊन विमान चालविणारा दोषीच आहे आणि पट्टी लावावयास सांगणारा मुकादमही दोषी आहे. त्यासाठी न्यायालये आहेत. परंतु शिक्षेची चौकशी आणि शहाणपणाची चौकशी एका आसनावर बसवू नये. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या कराराच्या तेराव्या परिशिष्टात हेच तत्त्व घातलेले आहे: तपासाचा हेतू अपघात टाळणे हा, दोष वाटणे हा नव्हे. भारतात २०१२ साली विमान अपघातांच्या तपासासाठी जो स्वतंत्र विभाग स्थापन झाला, तोही ह्याच तत्त्वावर. आकाशासाठी मान्य झालेले हे तत्त्व जमिनीवरच्या कारखान्यांस, बसगाड्यांस, इमारतींच्या लिफ्टांस का लागू नसावे, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

श्रोतेहो, आपणांपैकी कोणी शिक्षक असतील, कोणी दुकानदार, कोणी नगरपालिकेचे सभासद. आपल्या गावात पुढचा अपघात होईल तेव्हा ‘चूक कोणाची’ हे विचारणारे पुष्कळ भेटतील. आपण एवढेच विचारावे: असे पूर्वी कितीदा होता होता वाचले होते, ते कोणास ठाऊक होते, आणि त्याला ते सांगण्याची भीती का वाटली? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवून ती नगरपालिकेच्या सभेत, कारखान्याच्या सुरक्षा समितीत, शाळेच्या पालकसभेत मांडावी, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव आपल्यापाशीच ठेवावे.