शिक्षा किती? आधी तारीख सांगा!

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "सर, संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा?" आज माझ्याच विषयातलं उदाहरण देतो. विषय आहे अमली पदार्थांचे कायदे आणि त्यांतल्या शिक्षा. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिलं होतं की, आपल्या शहरात १९३० पासून 'डेंजरस ड्रग्ज ॲक्ट' लागू होता. मार्गदर्शकांनी समासात एकच ओळ लिहिली: "तेव्हा औरंगाबाद कुठल्या राज्यात होतं?" मी गप्पच झालो. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. आपलं शहर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं आणि इथे अबकारी कायदा होता तो निजामाचा, १३१६ फसलीचा. (फसली सनात साधारण ५९० मिळवा, म्हणजे १९०६-०७.) १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात दारूसोबत गांजा-भांगेसारखे पदार्थही येतात. पण तो मराठवाड्यात आला १९५९ च्या विस्तार कायद्याने. म्हणजे मुंबईचा इतिहास उचलून औरंगाबादला चिकटवता येत नाही.

१४ नोव्हेंबर १९८५ ला एनडीपीएस कायदा लागू झाला आणि देशभर एकच चौकट आली. मग प्रश्न संपला का? नाही, खरी गंमत इथूनच सुरू होते.

समजा, १९९० मध्ये एकाकडे २५ किलो गांजा सापडला. शिक्षा जास्तीत जास्त ५ वर्षं. दुसऱ्याकडे अर्धा किलो चरस सापडला. त्याला किमान १० वर्षं, कमाल २०. तेव्हा पदार्थ कोणता हे बघायचे. वजनाला फारसा अर्थ नव्हता. फक्त थोडासा माल स्वतःच्या सेवनासाठी होता हे आरोपीने सिद्ध केलं, तरच सूट.

२ ऑक्टोबर २००१ च्या दुरुस्तीने वजन मध्ये आणलं: अल्प, मधलं आणि व्यावसायिक प्रमाण. गांजाची अल्प मर्यादा १ किलो, व्यावसायिक २० किलो. चरसची १०० ग्रॅम आणि १ किलो. आता तीच दोन माणसं पुन्हा उभी करा. गांजावाल्याला किमान १० वर्षं. चरसवाल्याला कमाल १० आणि किमान शिक्षा नाहीच! म्हणून "कायदा कडक झाला" किंवा "सौम्य झाला" असं एका वाक्यात लिहू नका. एकाला कडक झाला, दुसऱ्याला सौम्य. शिवाय नव्या तरतुदी चालू खटल्यांना लागू झाल्या, पण अपिलात असलेल्यांना नाही. एकाच गुन्ह्यातल्या दोन आरोपींच्या आयुष्याची वर्षं फाईल कुठल्या टेबलावर होती यावर ठरली.

आजचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद गुन्हे शाखेने पैठण एमआयडीसीत छापा टाकला, त्यात मेफेड्रोन सापडलं. हा पदार्थ या कायद्याच्या यादीत आला तोच फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याचं व्यावसायिक प्रमाण फक्त ५० ग्रॅम.

आणि वजन कशाचं धरायचं? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्ध अमली घटकाचं. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात म्हणालं, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं. माल तोच, वजनाचा हिशोब वेगळा, शिक्षा वेगळी.

म्हणून निकालपत्र हातात आलं की शिक्षेचा आकडा नंतर बघा. आधी वहीत चार गोष्टी टिपा: ठिकाण, गुन्ह्याची तारीख, पदार्थ आणि वजन. हे न टिपता काढलेली 'सरासरी शिक्षा' दिसायला छान दिसते, पण तिच्यावर विसंबून काही म्हणता येत नाही. त्या आकड्यामागे तुरुंगात वर्षं मोजणारा माणूस असतो; त्याच्याबद्दल आपण निदान चुकीचं तरी लिहू नये.

तुमच्या विषयात अशी फसवी तारीख कोणती? शोधा, तिथेच तुमचा प्रश्न सापडेल.