कोनाड्यापासून मांडणीपर्यंत

कल्याणच्या खाडीला लाकूड नवे नाही. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कोस्मस याने 'कल्लियाना' बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ, कापड आणि शिसवी लाकूड यांची नोंद केली आहे. इराणच्या किनाऱ्यावरील सिराफ बंदरातली घरे साग आणि आफ्रिकेहून आणलेल्या लाकडाची होती, असे दहाव्या शतकात इस्तखरी हा भूगोलकार लिहितो. साग त्या उजाड किनाऱ्यावर उगवत नाही. तो हिंदुस्थानातून जात असे. अरबीत त्याला 'साज' म्हणतात. आपला 'साग' आणि त्यांचा 'साज' यांत समुद्र आहे, परकेपणा नाही. पुढे 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि याच खाडीत जहाजे बांधली जाऊ लागली.

लाकूड येथून जात होते. त्याची पुस्तकांसाठी कपाटे कशी होत, हे तिकडच्या ग्रंथांतून कळते. शिराझचा राजा अझुदुद्दौला (मृत्यू 983) याच्या ग्रंथालयाचे वर्णन अल-मुकद्दसीने केले आहे. लांबलचक कमानदार दालन, भिंतींना लागून पुरुषभर उंचीची, तीन हात रुंद, नक्षीदार लाकडाची कपाटे आणि त्यांना वरून खाली येणारी दारे. 1237 मध्ये अल-वासितीने हरिरीच्या 'मकामात'साठी काढलेल्या चित्रात ग्रंथालयाचे कप्पे दिसतात. त्यांत पुस्तके उभी नाहीत, एकावर एक आडवी रचलेली आहेत. पुस्तक पाठ बाहेर करून उभे ठेवण्याची सवय पुष्कळ उशिराची आहे.

आमच्या घरांत कपाटाआधी कोनाडा होता. उर्दूत त्याला 'ताक' म्हणतात. मराठीत ताक पितात आणि उर्दूत ताकावर वस्तू ठेवतात, हे सांगितले की वर्गातली मुले हसतात. या ताकात जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ असे आणि शेजारी रिहाल. अखंड फळी मधोमध चिरून, खिळा न मारता एकमेकांत अडकलेली दोन पाने करणे ही सुतारकामातली मोठी करामत आहे. 1360 मध्ये हसन बिन सुलेमान इस्फहानीने कोरलेली अशी एक रिहाल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बाकीची पुस्तके मात्र लोखंडी पेटीत, कपड्यांच्या खाली.

कल्याणला 1864 मध्ये सार्वजनिक वाचनालय निघाले, ठाण्यात 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय. पुस्तके पेटीबाहेर, सर्वांच्या हाताला येतील अशी ठेवायची असतात, ही शिकवण या संस्थांनी दिली. ती आमच्या घरांत पुरती पोहोचली नाही. कारण अनास्था हे एकच नव्हे. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून अनेक कुटुंबे मुंब्र्याला आली. घर सोडताना माणूस कुरआन शरीफ छातीशी धरतो. आजोबांचे दीवान आणि तारीखची पुस्तके मागे राहतात. 26 जुलै 2005 च्या पुराने उरलेली भिजवली. जमिनीवरची पेटी आधी बुडते. आणि जी वाचली, ती मुलांना उर्दू लिपी येत नाही म्हणून किलोच्या भावाने रद्दीत जातात. आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून हे आम्हाला जास्त टोचते.

म्हणून आम्ही म्हणतो, घरात एक मांडणी करा. मिस्त्रीला बोलवा किंवा सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन स्वतः करा. त्या कामात एक धडाही आहे. 'मिस्त्री' आणि 'अलमारी' हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, 'रंधा' फारसीतून, काटकोन तपासायचा 'गुण्या' ग्रीकांकडून फारसीमार्गे, आणि 'सुतार', 'करवत' संस्कृतातून. ही सगळी मंडळी एका पिशवीत गुण्यागोविंदाने राहतात.

सागाची फळी महाग वाटली तर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात प्लायवूडही मिळते. पाऊण इंच जाडीची फळी घ्या, पण दोन-अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नका. पुस्तकांच्या भाराने ती मधे वाकते. खोली दहा इंच पुरे. भिंतीला ओल असेल तर मागे दोन बोटे जागा सोडा, खाली वीतभर पाय द्या. जुने कातिब कीड लागू नये म्हणून हस्तलिखितावर 'या कबीकज' असे लिहीत. आपण कडुनिंबाचा पाला ठेवावा आणि महिन्यातून एकदा पुस्तके हलवावीत. वाळवीला हलत्या पुस्तकांचे वावडे असते.

लावताना डावीकडे मराठी पुस्तके ठेवा, उजवीकडे उर्दू. मराठी पुस्तक पाठ बाहेर करून उभे केले की त्याचे मुखपृष्ठ उजवीकडे येते, उर्दूचे डावीकडे. जेथे मराठीचे शेवटचे पुस्तक संपते आणि उर्दूचे पहिले सुरू होते, तेथे दोन्ही मुखपृष्ठे समोरासमोर येतात. मुलांना ती जागा दाखवा. दोन्ही पुस्तके उघडता येतील, एवढे अक्षर त्यांच्या हाती देणे हे मात्र कोणत्याही मिस्त्रीचे काम नाही. ते आपले आहे.