कर घेताना आपला, मदत देताना परका?

अमेरिकेत कायदेशीर स्थायिक झालेल्या परकीयाला सरकारी मदतीवर हक्क सांगता येत नाही, हे मत तिथे आता जवळजवळ गृहीत धरले जाते. त्याची मांडणी कच्ची नाही. कोणाला कोणत्या अटींवर देशात घ्यायचे, हे ठरवणे सार्वभौम सत्तेचे काम, निधी मर्यादित, शिवाय १९७६ साली 'मॅथ्यूज विरुद्ध डियाझ' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेअर या केंद्रीय आरोग्यविम्याच्या एका भागासाठी परकीयांना घातलेली पाच वर्षांच्या वास्तव्याची अट एकमताने उचलून धरली.

पण डियाझ अर्धाच वाचून कसे चालेल? ती अट काँग्रेसची, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाची होती. राज्यांचा प्रश्न वेगळा आहे, हे त्याच निकालपत्रात म्हटले आहे. राज्यांविषयीचा कायदा १९७१ च्या 'ग्रॅहम विरुद्ध रिचर्डसन' निकालात आहे. अ‍ॅरिझोनाने परकीयांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती. पेनसिल्व्हेनियाने राज्याच्या मदतीतून त्यांना सरसकट वगळले होते. दोन्ही तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. १८६८ची चौदावी घटनादुरुस्ती समान संरक्षण देते ते 'कोणत्याही व्यक्तीला'. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांच्या खटल्यात, १८८६ सालीच, हे संरक्षण परकीयांनाही आहे असे ठरले होते. मग खर्च वाचवणे हे भेदाचे कारण कसे होईल? परकीयही कर भरतात, त्यांना सैन्यातही बोलावता येते, याकडे ग्रॅहमच्या निकालपत्रात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लक्ष वेधले. तिजोरीची तंगी समतेला अपवाद नाही.

प्रतिपक्ष १९९६ च्या केंद्रीय कायद्याकडे बोट दाखवतो. त्याने नव्या ग्रीन कार्डधारकांना बहुतेक केंद्रीय मदतीपासून पाच वर्षे दूर ठेवले आणि अनेक योजनांत परकीयांना वगळायचे की नाही, हे राज्यांवर सोपवले. काँग्रेसचीच परवानगी असल्याने राज्याचा भेद हे केंद्राचे धोरण ठरते, असा युक्तिवाद आहे. २००४ साली कोलोराडोच्या प्रकरणात एका केंद्रीय अपील न्यायालयाने तो मानलाही. तरी तो टिकत नाही. समान संरक्षण मोडण्याची मुभा काँग्रेस राज्यांना देऊ शकत नाही, हे ग्रॅहमने आधीच सांगितले आहे. शिवाय एक राज्य देते आणि शेजारचे नाकारते, तिथे राष्ट्रीय धोरण कोणते? न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आणि मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने २०१२ साली राज्याने केलेली अशी वगळणूक रद्द केली.

उरतो शेवटचा आक्षेप: मदत हवी तर नागरिक व्हा. हा आक्षेप आपल्याकडच्या कुटुंबांनाही परिचित आहे. मुलांकडे राहायला गेलेल्या ग्रीन कार्डधारक आई-वडिलांना तो ऐकावा लागतो. पण नागरिकत्वाच्या अर्जासाठी साधारणपणे पाच वर्षे थांबायला अमेरिकेचाच कायदा लावतो. ज्या काळात नागरिक होताच येत नाही, त्याच काळात नागरिक नसल्याची शिक्षा द्यायची, याला कोणता न्यायाधीश न्याय म्हणेल?