परिटाचें गिऱ्हाईक

धंदा लहान असो वा मोठा, गिऱ्हाईक मिळविण्यासाठीं कांहीं ना कांहीं खर्च करावाच लागतो, असें आज सर्वजण गृहीत धरतात. परंतु खानदेशांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांत, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या पडलाच नव्हता. तो केव्हां पडला आणि त्याचें उत्तर कोणीं कसें दिलें हें पाहूं लागलें, म्हणजे जळगांव-धुळ्याकडील गेल्या दीडशें वर्षांतील घडामोडींचा एक निराळाच धागा हातीं लागतो.

गांवगाड्याच्या व्यवस्थेंत परीट हा बारा बलुतेदारांपैकीं एक. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा ग्रंथ सन १९१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत या व्यवस्थेचे गुणदोष सविस्तर आले आहेत. बलुतेदारांच्या नेहमींच्या यादींत परीट हा कुंभार, चांभार व न्हावी यांच्याबरोबर मधल्या ओळींत बसतो. विदर्भाकडे त्याला वरठी म्हणतात. गांवांतील कुळांचें धुणें ही त्याची वृत्ति, आणि तिच्यावर त्याचा वंशपरंपरेचा हक्क. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जावें आणि ठरलेलें धान्य घरीं आणावें. त्याच्या घरांवर दुसऱ्या परिटाला हात घालतां येत नसे. मग पाटी कशाला आणि दवंडी कशाला? जाहिरातीचा खर्च शून्य!

मात्र हें शून्य स्वस्त नव्हतें. मोबदला रूढीनें बांधलेला; धुणें वाढलें म्हणून धान्याचें माप वाढेलच असें नाहीं. पाऊस चुकला कीं खळेंच ओस. परिटाला गिऱ्हाईक निवडण्याची मोकळीक नाहीं, आणि गिऱ्हाइकालाही परीट बदलण्याची नाहीं. सर्वांत वाईट गोष्ट अशी कीं, अस्पृश्य मानलेल्या घरांचीं वस्त्रें हा परीट धूतच नसे. ज्या समाजाला गांव स्वतःची घाण काढावयाला लावी, त्याच्याच कपड्यांना गांवच्या भट्टींत जागा नव्हती. बलुत्याच्या जुन्या सलोख्याचें कौतुक करणाऱ्यांनीं एवढी एक गोष्ट विसरूं नये.

ही घडी मोडली ती आगगाडीनें. १८६० नंतरच्या दशकांत लोहमार्ग भुसावळ-जळगांवला पोहोंचला. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. पुढें जळगांवांत कापडाची गिरणी उभी राहिली. सन १९०० मध्यें चाळीसगांवहून धुळ्याला फांटा गेला. १९०६ मध्यें खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठाणीं ठरलीं. कचेऱ्या, न्यायालयें, शाळा, रेल्वे आणि गिरण्या यांच्याबरोबर पगारी माणूस आला. त्याला इस्त्रीचा कोट आणि खळ केलेलें स्वच्छ धोतर हवें; परंतु तो खळें कोठून आणणार? तो नगामागें पैसे देई, आणि बदली झाली कीं गांव सोडून जाई. ज्या परिटांनीं पांझरेच्या काठचें धुणें सोडून बाजारपेठेंत गाळा घेतला, त्यांना हें गिऱ्हाईक प्रथमच मिळवावें लागलें.

त्यांचा पहिला खर्च म्हणजे पाटी. 'लाँड्री' हा परभाषेंतला शब्द देवनागरींत रंगवून दारावर लागला, आणि त्याबरोबर एक मोठा पालट घडला, निदान तत्त्वतः. पाटी सर्वांना दिसते. जो पैसे घेऊन येईल त्याचें काम करावें, असा तिचा अर्थ होतो. प्रत्यक्षांत तसें घडावयाला कायद्याची मदत लागली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानें 'दुकान' या शब्दाची व्याख्या करतांना केशकर्तनालयाबरोबर लाँड्रीचाही नांव घेऊन समावेश केला, आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणें हा अपराध ठरविला. ज्या गिऱ्हाइकाला शतकानुशतकें दार बंद होतें, तें जोडण्यासाठीं दुकानदाराला एक पैही खर्चावयाची नव्हती. दार उघडें ठेवणें पुरेसें होतें.

पाटीनंतरचा खर्च अधिक बारीक आहे. जुना परीट प्रत्येक घराच्या कपड्यावर बिब्ब्याच्या रसानें खूण घाली; दोन रेघा, तीन ठिपके, अशी. बिब्ब्याचा डाग धुण्यानें जात नाहीं, म्हणून निरक्षर परिटालाही शेंकडों कपड्यांतून घरोघरचा गठ्ठा बिनचूक लावतां येई. ही खूण म्हणजे त्याची जमाखर्चाची वहीच. लाँड्रीवाल्याला ही काळजी दुप्पट घ्यावी लागली. कारण बलुत्यांतील घर एका चुकीनें तुटत नसे, पण रोखीचें गिऱ्हाईक समोरच्या दुकानांत जाऊं शकतें.

याच काळांत साबण विकणारे मात्र अगदीं उलट मार्गानें चालले होते. लीव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्यें कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या, आणि जाहिरातीवर सढळ हातानें पैसा ओतणें ही त्या घराण्याची रीतच होती. जाहिरातीचा निम्मा पैसा वायां जातो, पण तो निम्मा कोणता हें कळत नाहीं, असे उद्गार कोणी लीव्हरच्या तर कोणी अमेरिकन व्यापारी वॉनामेकरच्या नांवावर घालतात. ते कोणाचेही असोत, कोट्यवधि वड्या विकणाऱ्यालाच ते शोभतात. खानदेशांतही साबणाचा धंदा आला. सन १९४५ मध्यें महंमद हाशम प्रेमजी यांनीं अमळनेर येथें वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापिली. वनस्पति तूप हा तिचा मुख्य माल, आणि त्याच्या जोडीला '७८७' नांवाचा कपडे धुण्याचा साबण. हीच कंपनी पुढें विप्रो या आटोपशीर नांवानें जगभर गाजली, आणि तिचा संतूर साबण जाहिरातींच्या बळावर घरोघर गेला. शेजारच्या गुजराथेंत करसनभाई पटेल यांनीं १९६९ मध्यें निरमा पावडर प्रथम सायकलवरून दारोदार विकली. गाण्याची जाहिरात मागाहून आली. विविध भारतीनें १९६७ पासून जाहिराती घ्यावयाला सुरुवात केली होती, म्हणून तें गाणें दूरवर पोहोंचूं शकलें.

साबणाची वडी आगगाडींत बसून नागपूरला जाते. लाँड्री जाऊं शकत नाहीं. नागपूरच्या श्रोत्यानें जाहिरात ऐकली तर साबणवाल्याचा लाभ, पण धुळ्याच्या लाँड्रीवाल्याला तिचा उपयोग काय? त्याचें राज्य चार गल्ल्यांचें, आणि त्या गल्ल्यांबाहेर पोहोंचणारा प्रत्येक रुपया निखालस वायां जाणारा. म्हणून मिळकतीचा शेंकडा पांच कीं दहा हिस्सा जाहिरातीला द्यावा, असें सरसकट प्रमाण सांगणाऱ्यांचा हिशेब या धंद्याला लागू पडत नाहीं.

हिशेब निराळ्या रीतीनें मांडावा लागतो. समजा, एका घराकडून महिन्याला २०० रुपये येतात, आणि साबण, कोळसा, वीज, भाडें व मजुरी वजा जातां ४० रुपये उरतात. तें घर दोन वर्षें टिकलें तर ९६० रुपये हातीं येतील. असें घर जोडण्यासाठीं पहिलें धुणें अर्ध्या दरानें करून दिलें, आसपासच्या घरांत पत्रकें वांटलीं, आणि त्यांत दीडशें रुपये गेले, तर तो खर्च जड नाहीं. पण घर तीन महिन्यांत तुटलें तर मिळकत १२० रुपयांचीच, आणि तेच दीडशें रुपये अंगावर येतात. सहाशें रुपयांचा एक सदरा हरवला व त्याची भरपाई द्यावी लागली, तर त्या घराची पंधरा महिन्यांची शिल्लक गेली. भरपाई नाकारली तर घर जातें, आणि त्याच जिन्यावरचीं आणखी दोन-तीन घरें त्याच्यामागून जातात. या धंद्यांत जाहिरातीचा मोठा भाग असा कपडे मोजून घेण्यांत आणि मोजून परत देण्यांत खर्च होतो.

बिब्ब्याची खूण आतां शहरांतून बहुतेक गेली आहे. तिच्या जागीं कपड्याला कागदाची किंवा कापडाची चिठ्ठी टांचतात. कित्येक दुकानदार त्याच चिठ्ठीवर दुकानाचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक छापून घेतात.