शेतनिचऱ्याचे प्रदूषण व सिंचन-प्रशिक्षण, दिल्ली परिसर

पिकाला दिलेले पाणी शेताच्या टोकाकडून बाहेर पडताना किंवा मुळांखाली खोल झिरपताना आपल्याबरोबर खत, माती व औषधांचे अंश नेते. हे अंश नदीनाल्यांत आणि विहिरींत जाऊ नयेत यासाठी शेतकऱ्यांना पाणी देण्याची जी पद्धत शिकवली जाते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थानचे जिल्हे एवढी तिची व्याप्ती आहे. दिल्लीत यमुना बिघडते ती मुख्यत्वे शहरी मैलापाण्याने. वझिराबाद ते ओखला हा सुमारे २२ किमी.चा पट्टा त्याने सर्वाधिक ग्रस्त आहे. शेतीचा वाटा त्या मानाने लहान असला, तरी उत्तर दिल्लीत पल्ला येथे पिकाखालील पूरमैदानातूनच दिल्ली जल बोर्डाच्या कूपनलिका पिण्याचे पाणी उपसतात. तेथे हा प्रश्न किरकोळ मानता येत नाही.

प्रक्रिया : जमिनीत युरियाचे प्रथम अमोनियममध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर होते. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही. पाण्यात विरघळून ते खाली जाते. स्फुरद मात्र मातीला चिकटतो आणि गढूळ पाण्याबरोबर बांध ओलांडतो. त्यामुळे उपायही दोन प्रकारचे लागतात. भूजल वाचवायचे तर पाण्याची मात्रा आवरावी लागते. ओढेनाले वाचवायचे तर बांध, समपातळी आणि उताराच्या टोकाला गवताची पट्टी यांकडे पाहावे लागते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाने घालून दिलेली मर्यादा लिटरला ४५ मिग्रॅ. आहे. ती ओलांडल्यास मुख्य धोका तान्ह्या मुलांना असतो, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

पुसा व तेथील परंपरा : भारतीय कृषी संशोधन संस्था १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे सुरू झाली. १९३४ च्या भूकंपात इमारतींची हानी झाल्यावर १९३६ मध्ये ती दिल्लीस आली आणि पुसा हे नावही दिल्लीत रुजले. १९६० च्या दशकात संस्थेने वायव्य दिल्लीतील जौंती हे गाव गव्हाच्या बियाण्यासाठी हाती घेतले. शास्त्रज्ञाने शेतकऱ्याच्याच रानात पीक उभे करून दाखवावे, ही रीत तेथे पक्की झाली. १९६९ मध्ये संस्थेत जल तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले. केंद्राची धुरा सांभाळलेले ए. एम. मायकेल यांचा सिंचनावरील इंग्रजी ग्रंथ (१९७८) अभियांत्रिकी व कृषी महाविद्यालयांत अनेक वर्षे वापरात आहे. गुरुग्राम जिल्ह्यातील शिकोहपूर (१९८३) व नजफगढजवळील उजवा (१९९५) येथील कृषी विज्ञान केंद्रे हे ज्ञान गावापर्यंत नेतात.

या परंपरेचा भर दीर्घकाळ उत्पादन आणि पाण्याची बचत यांवर राहिला. शेतातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दर्जा हा विषय मागाहून आला व आजही तो बचतीच्या धड्याला जोडूनच शिकवला जातो. तो स्वतंत्र धडा व्हायला हवा. कमी पाणी दिलेल्या शेतातही खताची वेळ चुकली, तर नायट्रेट विहिरीत जातेच.

गव्हाचे उदाहरण : या भागातील रब्बी प्रशिक्षण बहुतांशी गव्हाभोवती फिरते. बागायती गव्हासाठी हेक्टरी १२० किग्रॅ. नत्र ही रूढ शिफारस असून ते दोन-तीन हप्त्यांत द्यायचे असते. पहिले पाणी पेरणीनंतर २०–२५ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना देतात. वरखताचा युरियाही त्याच सुमारास पडतो. एका पाळीला ६ सेंमी. पाणी धरले, तर हेक्टरी ६ लाख लिटर होते. एवढे पाणी हलक्या, वालुकामय जमिनीवर नुकत्याच फेकलेल्या युरियावरून गेले, तर नत्राचा काही भाग मुळांच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून अशा जमिनीत आधी पाणी द्यावे, वाफसा येऊ द्यावा आणि मग युरिया टाकावा, असे शिकवतात. दारे धरणाऱ्याने पाणी साऱ्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत थांबायचे नसते. सुमारे तीन-चतुर्थांश लांबी भिजली की दार बंद करायचे. पुढे सरकणारे पाणी उरलेला भाग आपोआप भिजवते. नेमका किती लांबीवर प्रवाह तोडायचा हे जमिनीचा पोत, उतार व प्रवाहाचा जोर पाहून ठरते, आणि ते बांधावर उभे राहूनच शिकता येते.

उंचसखल रानात ही युक्ती चालत नाही, कारण उंचवटा भिजेपर्यंत सखल भागात तळे साचते. लेझरच्या साहाय्याने रान सपाट करण्याला प्रशिक्षणात महत्त्व आहे ते यामुळे.

युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिल्यास नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो. पुसा येथे कृषिशास्त्रज्ञ राजेंद्र प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संशोधन केले होते. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सर्व युरियाला हा लेप सक्तीचा आहे.

वारबंदी : पश्चिम यमुना कालव्यावर प्रत्येक शेतकऱ्याची पाळी आठवड्यातील ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी येते. पिकाला गरज असो वा नसो, ती सोडली तर पाणी गेले. वाफसा पाहून पाणी द्या हा सल्ला येथे अडतो. दोष शेतकऱ्याचा नाही. पाळीचे वेळापत्रक न बदलता केवळ त्याला शिकवून भागणारे नाही.

पाणकणसाची तळी : शेतात येणारे पाणीच दूषित असेल तर काय, याचे एक उत्तर पुसा येथे २०१२ च्या सुमारास उभे राहिले. कृषिकुंज वसाहतीचे मैलापाणी सुमारे १.४२ हेक्टरवरील पाणथळ वाफ्यांतून सोडले जाते. पाणकणसाची मुळे व त्यांवरील सूक्ष्मजीव ते रसायनांवाचून शुद्ध करतात. क्षमता रोज २२ लाख लिटर असून हे पाणी संस्थेच्या १३२ हेक्टर रानासाठी योजलेले आहे.

फवारणीची औषधे : फवारणीनंतर लगेच पाणी न देणे आणि पंप नाल्यात न धुणे एवढाच भाग सहसा शिकवतात.

कायदा व वाद : जलप्रदूषण कायदा (१९७४) मुख्यतः सांडपाणी व कारखान्यांना लागू पडतो, विखुरलेल्या शेतनिचऱ्यावर त्याची पकड नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ जानेवारी २०१५ रोजी यमुना स्वच्छ होईपर्यंत दिल्लीतील पूरमैदानात खाद्यपिके घेण्यास मनाई केली. तिची अंमलबजावणी व तेथील भाजी उत्पादकांचे हक्क यांविषयी मतभेद आहेत. वझिराबादला यमुनेच्या पाण्यात वाढणाऱ्या अमोनियाबाबत दिल्ली व हरियाणा परस्परांकडे बोट दाखवतात.

महाराष्ट्राशी तुलना : औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी, १९८०) या विषयात काम करते. दिल्लीकडील पोयट्याच्या व वालुकामय जमिनीचे धडे दख्खनच्या काळ्या जमिनीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तेथे जादा पाणी खोल झिरपण्याऐवजी साचून राहते आणि रान क्षारपड किंवा चोपण होते. भारी जमिनीत वरखताचा युरिया पाण्याआधी देण्याची शिफारस आहे.